घरी असणारी मुलगी मोकळी नसते

शाळेतून काढायचं की नाही ते आपण मागाहून बघू. आधी मला एवढं सांग, पोरगी घरी राहिली तर सकाळी आठ ते अकरा तिच्या हातात काय असेल? पुस्तक, की तुझ्या धाकट्या जावेचं तान्हं?

तुला वाटेल, ताई हे भलतंच काय विचारते. पण तुमचं घर मी ओळखते. राई-मुर्ध्यापासून डोंगरी-उत्तनपर्यंत अजून शेती राखून असलेली आपली घरं थोड्याफार फरकाने तशीच आहेत. तीन भाऊ, तिघांच्या बायका, सासू-सासरे, एखादी माहेरी परतलेली आत्या, आठ-दहा पोरं, सगळं एका चुलीचं. पावसाळ्यात भात, पाऊस सरला की वाल आणि भाजी. पहाटे माठ-मुळ्याच्या जुड्या बांधून भाईंदरच्या बाजाराला धाडायच्या, मग स्वयंपाक, मग वाफ्यांना पाणी. अशा घरात नऊ वर्षांची मुलगी दिवसाढवळ्या घरात दिसली, की ती शिकते आहे असं कुणाच्या मनातच येत नाही. सगळ्यांना ती मोकळी दिसते. "बाळाला घे गं जरा." "आजीला चहा नेऊन दे." "एवढ्या जुड्या मोजून ठेव." एकेक काम पाच मिनिटांचं, आणि सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या पाच-पाच मिनिटांत सकाळ जाते, मग महिना जातो, मग वर्ष. मुलगा घरी शिकत असता तर त्याला कुणी इतक्या वेळा उठवलं नसतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून मला तुला जे सांगायचं आहे ते पुस्तकं, परीक्षा, फॉर्म या सगळ्याच्या आधीचं आहे. हुशार मुलीला घरी शिकवायचं तर तिचे तास राखावे लागतात. शिकवायला माणूस कमी पडलं तर ते शोधता येतं, पुस्तक मागवता येतं. तास राखायचं काम मात्र घरातल्याच माणसांना करावं लागतं, आणि तुमच्या घरात ते तुला एकटीला झेपणारं नाही.

लेक चौथीत आहे आणि चुलतभावाचं सातवीचं गणित उघडून बसते, असं तू पत्रात लिहिलंस. वर्गात तिचं पाच मिनिटांत उरकतं आणि उरलेली तासिका ती खिडकीबाहेर बघत काढते. त्या दिवशी बाईंनी तेच गणित पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहायला लावलं, तर घरी येऊन रडली. बाईंना दोष देऊ नकोस गं. एवढ्या मोठ्या वर्गात ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्याकडे त्यांना आधी बघावं लागतं. पण रोज असं थांबून राहिल्याने मुलाचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. आधी कंटाळा येतो. मग खोड्या सुरू होतात. आणि मग एक दिवस मूल इतरांसारखं दिसावं म्हणून येत असलेलं उत्तर मुद्दाम चुकीचं लिहितं. माझ्या थोरलीने हे सुरू केलं, तेव्हा आम्ही तिला घरी घेतलं.

तुझ्या लेकीत काय बघायचं ते सांगते. मार्क बघू नकोस, मार्क पुष्कळांना मिळतात. तिच्या डोक्यात आलेला प्रश्न किती दिवस टिकतो ते बघ.

उत्तनला आमच्या ओळखीचे एक म्हातारे तांडेल होते. उभं आयुष्य मचव्यावर गेलेलं. भरती कधी आहे असं विचारलं की ते उलट तिथी विचारायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज अष्टमी? आठ पाऊणे सहा, सहाला पाणी पुरं भरणार. चतुर्थी? चार पाऊणे तीन. आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, तूही ऐकला असशील. थोरलीला तो इतका आवडला की तिने अख्खी पाऊणकी पाठ केली. मग एका संध्याकाळी ती अडली. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पण पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास असते, हे तर तांडेलच सांगायचे. मग मधला वेळ गेला कुठे?

घरात कुणालाच उत्तर येत नव्हतं, आणि ते कुठून तरी आणून तिच्या हातात ठेवायची घाईही आम्ही केली नाही. तिने वहीत तीन रकाने पाडले. तिथी, पाऊणकीने निघणारी वेळ आणि वर्तमानपत्रात छापून येणारी भरतीची वेळ. महिनाभर ती वही भरत होती. रोजच्या आकड्यांत थोडं मागेपुढे व्हायचं, पण एकूण फरक वाढत जातो आणि पौर्णिमा-अमावास्येला सगळ्यात जास्त होतो, हे तिला दिसलं. मराठी विश्वकोशात तिने चंद्राचं पान काढलं. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो. पंधरा तिथींत भरतीला बारा तास सरकायचं असेल, तर एका तिथीला ४८ मिनिटं लागतात, ४५ पुरत नाहीत. पाऊणपटीने वेळ थोडी अलीकडची निघते, चार पंचमांश धरले तर बरोबर बसते. वही घेऊन ती तांडेलांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाऊणकी तोंडपाठ असते, चार पंचमांश समुद्रावर कोण करत बसणार? आणि आपला हिशेब पाणी लवकर सांगतो, उशिरा सांगत नाही. माणूस वेळेच्या आधी मचव्याशी हजर असतो, ते बरंच आहे की. दोघंही बरोबर होते, आणि हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आता याला चौथीचा अभ्यास म्हणशील की नववीचा? मला तर ठरवता आलं नाही. आम्ही फक्त एक केलं, महिनाभर ती वही कुणाला मधेच बंद करू दिली नाही. तू विचारते आहेस की मी बारावी शिकलेली, मी काय शिकवणार. अगं, एवढं तर तुला नक्की जमेल.

पोरीचे तास कामात जातात, ही गोष्ट आपल्याकडे फार आधी कुणाच्या तरी नजरेत आली होती, आणि तीही आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत, ते त्या दोघी जाऊन बघून आल्या. मुलगे गुरांमागे होते आणि मुलींच्या कडेवर भावंडं होती. मग जिथे गुरं तिथेच शाळा नेली, तिचं नाव कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. थोरली बहीण बाळाला घेऊन यायची, बाळ पाळणाघरात ठेवायची आणि स्वतः वर्गात जाऊन बसायची. मला या दोघींचं फार मोठं वाटतं ते यासाठी, की त्या मुलीला बोलल्या नाहीत, तिच्या आईला उपदेश करत बसल्या नाहीत. त्यांनी आधी बाळाची सोय केली.

तुमच्या घरातल्या बाळाची सोय ठरल्याशिवाय शाळेतून नाव काढू नकोस. आणि हे नवरा-बायकोने खोलीत ठरवून दुसऱ्या दिवशी घराला ऐकवायचं, असंही करू नकोस. एकत्र घरात अशाने अढी बसते आणि ती पोरीवर निघते. जेवणं झाल्यावर सगळ्यांना पडवीत बसव, सासूबाईंना आधी बोलू दे. जावांना सांग की सकाळचे तीन तास ही मुलगी शाळेत आहे असं समजायचं. मी आमच्या घरात एकच नियम ठेवला होता, तो तुला देते: तिच्याच वयाची चुलत बहीण शाळेत असताना जे काम तिला सांगता येत नाही, ते हिलाही सांगायचं नाही. आणि चुलत बहीण घरी आल्यावर जे काम तिच्या वाट्याला येतं, ते हिच्याही वाट्याला आलंच पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. यात मुलग्यांनाही धर. हा नियम सासूबाईंना लगेच पटतो, कारण त्यात न्याय आहे, आणि मोठ्या घराला न्यायाची भाषा चांगली कळते.

नियमाचा दुसरा अर्धा भाग विसरू नकोस मात्र. हुशार म्हणून तिला कामातून सोडवलंस, तर भावंडं तिला सोडतील. "हिला शाळा नाही, हिची मजा आहे" हे वाक्य तुमच्या घरात पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. लावणीच्या दिवसांत वह्या सरळ बंद ठेव. सगळं घर चिखलात असताना ती एकटी माडीवर पुस्तक घेऊन बसलेली नको. आवणाच्या मुठी पोचवायला तिलाही येऊ दे, भिजू दे, भावंडांबरोबर बांधावर बसून भाकरी खाऊ दे. आणि माझी एक कळकळीची विनंती आहे, तिथे चिखलात उभी असताना तिला क्षेत्रफळ विचारू नकोस. घरी शिकवायला लागलेल्या आईला प्रत्येक गोष्टीत धडा दिसायला लागतो. लेकराला कधी कधी नुसतं शेतात असू द्यावं.

क्षेत्रफळाचं काम सासऱ्यांना दे. हे मी मनापासून सांगते, कारण तुझ्या या बेताला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच असणार. त्यांच्या डोक्यात जमीन गुंठ्यात आहे आणि सातबाऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये लिहिलेली असते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर. हे ते नातीला बांधावर पावलं टाकत दाखवतील. नात त्यांना आर काढून दाखवेल. राई-मुर्ध्यात मेट्रोच्या कारशेडवरून गाव उठलं होतं, तेव्हा घरोघरी नकाशे आणि नोटिसा पसरलेल्या तू पाहिल्याच आहेस. पुढे कारशेड डोंगरीकडे सरकली, पण जमिनीचा कागद वाचता येणारं माणूस घरात हवं, हे सगळ्यांनाच तेव्हा कळलं. सासऱ्यांना हे सांगायची गरजही पडणार नाही. आठवड्यातून एक दुपार ते नातीबरोबर सातबारा, फेरफार, जुन्या पावत्या घेऊन बसले, की "पोरीला शालेन का नाय धारत?" असं शेजाऱ्यांनी विचारल्यावर उत्तर तेच देतील.

पेपरात आलेल्या गोष्टी वाचून मात्र हुरळून जाऊ नकोस. मुंबईच्या मालविका जोशीला सातवीत असताना शाळेतून काढून आईने घरी शिकवलं. मुलगी प्रोग्रामिंगमध्ये रमली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीनदा पदक मिळवलं आणि २०१६ मध्ये सतराव्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला गेली. दिल्लीचा सहल कौशिक घरी आईकडे शिकला आणि २०१० मध्ये चौदाव्या वर्षी आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात ३३ वा आला. दोन्ही मुलं विलक्षण, आणि त्यांच्या आयांबद्दल मला फार आदर आहे. पण त्या दोघींनी त्यासाठी आपापलं काम सोडलं होतं. शेतकरी घरातल्या बाईला राजीनामा देता येत नाही. भाजी खुडायची वेळ झाली की खुडावीच लागते. म्हणून तू दिवसभर शिकवायचं मनातही आणू नकोस. भाजीचा टेम्पो गेला, चहा झाला, की रोज एक तास तू तिच्याजवळ बस. त्या तासात मोबाईल नाही, भाजी निवडणं नाही. कालचं काय झालं, आज कुठे अडलीस, एवढंच विचार. उरलेले दोन तास ती स्वतः करेल. अशा मुलांना शिकवणं कमी लागतं, जवळ कुणीतरी आहे एवढं पुरतं.

मालविकाच्या गोष्टीतला आणखी एक भाग लोक सांगत नाहीत. तिच्याकडे बारावीचा कागद नव्हता, म्हणून आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तेव्हा तिला जवळ केलं. प्रत्येकीला ऑलिंपियाडचं पदक मिळत नाही. तेव्हा दहावी-बारावीचा रस्ता आपण उघडाच ठेवायचा.

तुझ्या नवऱ्याला पोलीस येतील की काय अशी भीती वाटते आहे, तर त्याला सांग. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा, असं त्यात नाही. घरी शिकणाऱ्या एका मुलीची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात होती. तेव्हा २०१२ मध्ये केंद्र सरकारनेच लिहून दिलं, की जे पालक आपखुशीने घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. तरीही शाळाबाह्य मुलं शोधायला शिक्षक घरोघर येतात, ते तुमच्याकडेही येतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. वह्या दाखव, मुलीला बोलू दे, ती कुठल्या परीक्षेला बसणार ते सांग. ते आपलं कामच करायला आलेले असतात. आणि एक आधार लक्षात ठेव. याच कायद्याप्रमाणे मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात थेट प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षांनी तिला परत शाळेत जावंसं वाटलं, तर वाट बंद झालेली नसते.

कागदांचं तेवढं आताच नीट करून घे. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तिथेच उभी राहून वाच. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, एकेक अक्षर. आपल्याला उद्या ओबीसीचा दाखला आणि पडताळणी करायची असते, तेव्हा याच कागदावरची एक वेलांटी वर्षभर फिरवते. पुढची परीक्षा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची देता येते. तिथे पाचवीला वय दहा पूर्ण लागतं, आठवीला तेरा, दहावीला पंधरा. केंद्राच्या एनआयओएसची दहावी चौदा पूर्ण झाली की मराठीतूनही देता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून देणारी मुलंही पुष्कळ आहेत.

वय वाचलंस ना? नऊ वर्षांची पोर कितीही पुढे असली, तरी दहावीच्या परीक्षेला अजून पाच वर्षं आहेत. पुष्कळ आयांना हे कळलं की त्या नाराज होतात. मला उलट यात मुलीचं भलं दिसतं. पाच वर्षांत दहावीचं गणित पाच वेळा करून घ्यायचं कारण नाही. गणित तिच्या वेगाने जाऊ दे, पण बाकीचा पसारा मोठा कर. मराठी भरपूर वाचू दे. इंग्रजी कुणाशी तरी बोलू दे. हाताने काहीतरी करू दे, शिवण म्हण, सुतारकी म्हण, पेटी म्हण. घरी शिकणाऱ्या हुशार मुलांचं एक बघून ठेवलंय मी, त्यांना जे पटकन येतं तेच ती करत राहतात. जे पटकन येत नाही असं एक तरी काम तिच्या आठवड्यात असलंच पाहिजे. माझ्या थोरलीला पोहणं येता येईना, आणि तेच तिला सगळ्यात जास्त कामी आलं. चुकतमाकत शिकणं म्हणजे काय, ते तिला पाण्यातच कळलं.

पैशाची काळजी करतेस, तर ऐक. बालभारतीची सगळी पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही तसेच वाचायला मिळतात. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते दाखवलं आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा ढीग आहे. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र एका दिवसात बघून होतं, मात्र एकट्या तिला नेऊ नकोस, घरातली सगळी पोरं घेऊन जा. मुलगी नेमकी किती पुढे आहे हे समजून घ्यावंसं वाटलं, तर पुण्याला ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमापनाच्या चाचण्या होतात. आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ही संस्था बुद्धिमान मुलांसाठीच उभी केली. पण आकडा घेऊन आलीस, तर तो गावभर सांगू नकोस, आणि लेकीलाही सांगू नकोस. काही गोष्टी मात्र सुटतील, तेही धरून चाल. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसारख्या परीक्षांना मुलं सहसा शाळेमार्फत बसतात. शाळेचं संमेलन, कवायत, मधल्या सुट्टीतले डबे, हे घरी मिळत नाही.

आता जरा नाजूक सांगते. तिचं डोकं तेरा वर्षांचं असेल, रुसणं नऊ वर्षांचंच आहे. ती मोठ्यांसारखं बोलते म्हणून घरातली माणसं तिच्याकडून मोठ्यांसारखं वागणं मागतात. "एवढी हुशार तू आणि रडतेस काय?" हे तिला कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबव. हुशारीचा आणि रडण्याचा काही संबंध नाही. आणि पाहुणे आले की तिला मधे उभी करून एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचा, हे तर घरात कुणालाही करू देऊ नकोस, नवऱ्यालाही नाही. जावांच्या पोरांसमोर एकीचं कौतुक झालं की बाकीच्या आया गप्प होतात, आणि ती गप्प झालेली आई उद्या तुझ्या पोरीचे तास राखायला मदत करणार नाही. कौतुक करायचं तर रात्री अंथरुणात जवळ घेऊन कर.

तिला मैत्रिणी हव्यात. तिच्याएवढं गणित येणाऱ्याच हव्यात असं काही नाही, तिच्याबरोबर लगोरी खेळणाऱ्या हव्यात. संध्याकाळी पाचनंतर पुस्तक दिसलं नाही पाहिजे. गावात चर्चच्या मैदानावर, देवळाच्या पटांगणात पोरं जमतात, तिथे तिला असू दे.

आणि तू. सासूबाई दोन टोमणे मारतील, ते ऐकून घे. पण तुझा तो एक तास हातातून सोडू नकोस. जाऊबाईंनी त्या तासात तुझ्या वाटणीचं काम उचललं, तर दुपारी त्यांच्या पोरांचा अभ्यास तू घे. शाळेतून आलेली पोरं आणि तुझी लेक, सगळ्यांना एकत्र बसव. लेकीला धाकट्यांना शिकवू दे, पण अर्धाच तास. तिला घरची फुकटची मास्तरीण करायचं नाही. हे त्याच नियमात येतं, बाळ सांभाळण्यासारखंच.

दर मे महिन्यात तिला विचार, पुढचं वर्ष कुठे? खरंच विचार, आणि ती म्हणेल ते कर. माझी थोरली आठवीच्या वयाला म्हणाली, आता मला शाळेत जायचंय. आम्ही घातलं. दोन महिने तिला घंटा वाजली की उठायचं जमत नव्हतं, मग जमलं. तिथे तिला विज्ञानाचे असे एक सर भेटले, की त्यांनी तिला प्रयोगशाळेची किल्लीच देऊन टाकली.

तुझ्या धाकट्याचं मात्र तू पत्रात एका ओळीत उरकलंस. तो सहा वर्षांचा आहे, त्याला शाळा आवडते, तो साधाच आहे, असं. त्याला शाळेत जाऊ दे. जूनमध्ये त्याचं दप्तर, गणवेश घ्यायला तू स्वतः भाईंदरला जा, त्याच्याबरोबर, आणि त्या दिवशी लेकीला घरी ठेव. रोज तो शाळेतून आला की पहिली दहा मिनिटं त्याची. हिच्या वहीत काय चाललंय ते तेव्हा बोलायचं नाही. त्याच्या संमेलनाला सगळं घर जाऊ दे, आजोबांसकट, आणि पहिल्या रांगेत त्याच्या ताईला बसव.